घड्याळ काळ्याच्या उजव्या हाताला

नामदेवदादा,

तुमच्याविषयी मी लिहावे हा आगाऊपणा आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. मंडळात तुमच्यासमोर तीस-तीस वर्षे पट मांडलेली माणसे आहेत. त्यांच्यापाशी तुमचे शेकडो डाव आहेत, तुमच्या शिव्याही आहेत. मला तर घोडा अडीच घरे कसा जातो हे कळून पाच वर्षेही पुरती झाली नाहीत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेली मी एक निवृत्त बाई. दुसऱ्यांनी लिहिलेले जपून ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे, एवढेच मला येते. पण तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले, आणि तुम्हाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे राहून गेली आहे. ती दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. म्हणून बसले आहे.

आपली ओळख पडद्याच्या कापडामुळे झाली. उल्हासनगरला किशनभाईंच्या दुकानात मी कापड घ्यायला आले होते, आणि तुम्ही दोघे गल्ल्याशेजारी स्टुलावर पट मांडून बसला होता. मी कापडाचा गठ्ठा हातात धरून उभी राहिले, ती उभीच राहिले. तुम्ही मान वर न करता विचारलेत, "बाई, कापड मापायचंय का डाव?"

किशनभाई हसले. "मॅडम, तीन मीटर बोला था ना? कापून देतो. ये डाव तो संध्याकाळ तक चलेगा, ये आदमी हलताच नाही."

मी काय बोलले ते आता मलाच खरे वाटत नाही. अनोळखी माणसांसमोर तोंड उघडण्याची मला सवय नव्हती. तरी म्हणाले, "उंट त्या कोपऱ्यात नेला तर?" अगदी हळू म्हणाले, पण तुम्ही ऐकलेत. मान वर केलीत, आणि मला पाहण्यासाठी डोके जरा जास्तच डावीकडे वळवलेत. त्या वळवण्याचे कारण मला पुष्कळ पुढे कळले.

"कुठं शिकलात?"

"पुस्तकात."

"मग जरा पुस्तकाच्या बाहेर या. ऐतवारी सकाळी धा वाजता, हितंच वरती."

वरती म्हणजे दुकानाचे गोदाम. कापडाच्या ताग्यांमध्ये जागा करून चार टेबले मांडलेली, आणि खाली जीन्स शिवणारी यंत्रे दिवसभर घरघरत असायची. त्याला तुम्ही सगळे मंडळ म्हणत होता. मंडळात त्याआधी बाई आली नव्हती. पहिल्या रविवारी मी जिन्याच्या मधल्या पायरीवर दहा मिनिटे थांबले होते, हे तुम्हाला कधी सांगितले नाही. वरून तुमचा आवाज आला नसता तर परत गेले असते. तुम्ही कुणाला तरी ओरडत होता, "आरं हात लावलास ना? मग चाल ती! हात काय खाजवायला लावलास?" एवढ्या मोठ्याने भांडणाऱ्या माणसांच्या खोलीत माझ्यासारखीकडे कुणाचे लक्ष जाणार नाही, असे वाटले आणि मी वर आले.

दोन महिन्यांनी कळले की तुम्ही माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहता. तुम्ही मूळचे बदलापुरातल्याच हेंद्रेपाड्याचे, अजून तिथेच. आणि मी राहते ती इमारत तुमच्या भाऊबंदांच्या शेतावर उभी आहे. "तुमची लिफ्ट हाय ना," तुम्ही म्हणाला होता, "तिथं आमचा खळा व्हता. मी त्यावर झोपलेलो हाय." मला ओशाळल्यासारखे झाले. मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही म्हणालात, "तुमी कशाला तोंड पाडता? तुमी थोडीच घेतली? आमीच इकली."

तुमचे शेत आणि तुमचा खेळ यांत काही नाते आहे हे मला तुम्हीच दाखवलेत. पांढऱ्या सोंगट्या तुमच्याकडे असल्या की पहिली चाल ठरलेली: वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे. मग राजाच्या बाजूचा उंट कोपऱ्यात, प्याद्यांच्या आडोशाला. मध्यावर प्यादी समोरासमोर उभी करायची, पण एकमेकांना खाऊ द्यायची नाहीत. सगळा मधला भाग कुलूपबंद, आणि मग डाव्या अंगाने एकेक प्यादे घराघराने पुढे. माझ्या पुस्तकात तिला इंग्लिश सुरुवात म्हटले होते, त्यातली बंद प्रकारातली. मी तसे सांगितले, तर तुम्ही हात झटकलात.

"इंग्लिश-बिंग्लिश मना काय म्हायती नाय. मी अंबरनाथला कारखान्यात टर्नर होतो, जेवणाच्या सुट्टीत शिकलो. हा आपला बांध हाय. लावणी झालेल्या शेतातनं मधनं कोण चालतो का? मधे पाय घातला का रोप पण गेला नि पाय पण रुतला. बांधाबांधानं जायचं. वेळ लागतो, पण पोचतो."

यावरून आपला एक वाद सुरू झाला, आणि तो मिटला नाही. मी एकदा धीर करून म्हणाले की ही सुरुवात भित्र्या माणसाची आहे; समोरासमोर येण्याचे ती टाळते. आयुष्यात मी कुणाला इतके स्पष्ट बोललेले मला आठवत नाही. तुम्हाला राग येईल वाटले होते. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात आणि अख्ख्या गोदामाला ऐकवलेत, "ऐकलं काय रे किशन? बाई मना भित्रा बोलली! बाई, तुमी लायब्ररीत पोरांना 'गप बसा' बोलायला घाबरायच्या ना? नि पटावर बसलात का पाचव्या चालीला वजीर घेऊन धावता! कोण भित्रा? जो घाबरतो तोच धावतो."

मला उत्तर सुचले नाही. घरी गेल्यावर सुचले, आणि पुढच्या रविवारी द्यायचे ठरवले, पण दिले नाही. माझी उत्तरे अशीच असतात. ती घरी गेल्यावर येतात.

तुमच्या डाव्या डोळ्याचे मला रिक्षात कळले. रविवारी आपण बदलापुराहून उल्हासनगरला शेअर रिक्षाने जात होतो, आणि तुम्ही दर वेळी मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवत होता. शेवटी एकदा सांगितलेत, "या अंगाला बसा. त्या अंगाला बसलात का तुमी मना दिसतच नाय. साखरेनं खाल्ला डोळा. कुणाला बोलू नका, नायतर पोरं त्या बाजूनं घोडा आणतील." मी कुणालाही बोलले नाही. हे तुमचे एकच गुपित माझ्याकडे होते आणि ते मी नीट सांभाळले. नको इतके नीट सांभाळले.

दुसरी एक गोष्ट इथे लिहायला हवी, कारण तिच्याशिवाय माझा अपराध कळणार नाही. एका रविवारी आपल्या डावात तुमचा हात चुकून घोड्याला लागला. तुम्हाला हत्ती हलवायचा होता, हे मला दिसत होते. मी म्हणाले, "असू द्या दादा, मागे घ्या." तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, घोडाच हलवलात, आणि डाव हरलात. पट आवरताना सोंगट्या एकेक करून डब्यात टाकत तुम्ही म्हणालात, "बाई, तुमी चांगल्या हायत. पण पुन्यांदा 'असू द्या' बोललात तर मी तुमच्यासमोर बसायचो नाय. बापानं जमीन इकून खाल्ली, पण भीक नाय खाल्ली. खेळात तर नायच नाय."

त्या दिवशी रिक्षात तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बदलापूर आल्यावर मात्र नेहमीप्रमाणे विचारलेत, "ऐतवारी येता ना?"

आता त्या डावाविषयी.

अंबरनाथची ती खुली स्पर्धा तुम्हाला आठवत असेलच. तुम्हाला तिच्याशिवाय दुसरे काही आठवायचे नव्हते. मंगल कार्यालयाचा वरचा मजला, सहा फेऱ्या, प्रत्येकाला एक तास. मी नऊ वर्षांच्या एका मुलीकडून हरून आले होते, तिने डावभर पेन्सिल चावली होती. शेवटच्या फेरीची यादी लागली, तेव्हा तुम्हीच ती वाचलीत आणि ओरडलात, "आरं देवा! घरचीच माणसं!" तुम्ही पांढरे, मी काळी. ज्येष्ठ खेळाडूंचा कप एकच होता. तुम्ही जिंकलात तर तो तुमचा. हरलात, तर अर्ध्या गुणाने किशनभाईंचा. मला त्यात काही मिळायचे नव्हते.

पुढच्या पटांना अंकांची नवी घड्याळे होती. ती पुरली नाहीत, म्हणून मागच्या पटांना मंडळाची जुनी, काट्यांची दोन तबकड्यांची घड्याळे दिली होती. मिनिटकाटा बारावर येऊ लागला की तो एक लहानसे लाल पाते उचलतो आणि तास भरताच ते पाते खाली पडते. खेळाडू त्याला फ्लॅग म्हणतात. फ्लॅग पडला की वेळ संपली, डाव हरला. मात्र ते कुणीतरी सांगावे लागते. पंचांनी पाहिले तर पंचांनी, नाहीतर समोर बसलेल्याने घड्याळ थांबवून. बघणाऱ्यांना बोलायची परवानगी नसते.

आणि घड्याळ पटाच्या कुठल्या बाजूला ठेवायचे, हे आपल्याकडे काळ्याच्या खेळाडूने ठरवायचे.

तुम्ही विचारलेत, "कुठं ठेवता?"

मी सवयीने ते माझ्या उजव्या हाताला ठेवले. तुम्हीच शिकवले होते, काळ्याने घड्याळ उजव्या हाताला घ्यावे, हात आडवा जात नाही. माझा उजवा हात म्हणजे तुमचे डावे अंग. मला हे त्या क्षणी सुचले नाही. शपथेवर सांगते, सुचले नाही. विसाव्या चालीच्या सुमारास तुम्ही घड्याळाचे बटण चाचपून दाबलेत, तेव्हा माझ्या लक्षात आले. पंचांना बोलावून घड्याळ दुसरीकडे ठेवता आले असते. पण कारण सांगावे लागले असते, सगळ्यांसमोर, आणि ते मी कुणाला सांगायचे नव्हते. असे मी स्वतःला समजावले. खरे म्हणजे हात वर करून पंचांना हाक मारायची, याचीच मला भीती वाटली होती.

खाली हळदीचा कार्यक्रम सुरू झाला. डीजेच्या दणक्याने टेबल थरथरत होते, प्यादी जागच्या जागी नाचत होती. तुम्ही कान दिलात. "ही आमच्या भावकीतली हळद. मना आवतण हाय. नि मी हितं म्हातारा बसलोय राजा सांभाळत." पलीकडून पंच म्हणाले, "आजोबा, बोलू नका, डाव चालू आहे." तुम्ही तोंडावर बोट ठेवलेत आणि मला डोळा मारलात.

तुमचा बांध त्या दिवशी फार चांगला बांधला गेला होता. मी तुमच्या राजावर प्यादी सोडली, ती मधे येऊन अडली. तुमचे डावीकडचे प्यादे एकेक घर सरकत होते, आणि प्रत्येक घरापाशी तुम्ही दहा-दहा मिनिटे थांबत होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळले की ही सुरुवात भित्र्याची नाही. भित्रा माणूस इतका वेळ शांत बसू शकत नाही.

बत्तिसावी चाल तुम्ही केलीत, बटण दाबायला हात नेलात, आणि तो पोचण्याआधी तुमचा फ्लॅग पडला.

आवाज आला नाही. खाली गाणे चालू होते. मला दिसले, तुम्हाला दिसले नाही. दोन्ही पंच पुढच्या पटावर कसल्याशा तक्रारीत गुंतले होते. घड्याळ थांबवायचे आणि "दादा, फ्लॅग" एवढे दोन शब्द उच्चारायचे. माझा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि तिथेच राहिला.

दादा, हीच ती गोष्ट. त्यानंतर नऊ चाली झाल्या. तुमचा मिनिटकाटा बारा ओलांडून पुढे निघून गेला होता, आणि तुम्ही अंदाजाने, घाईघाईने, भराभर खेळत होता. मी मुद्दाम हरले नाही. पण माझे लक्ष पटावर उरले नव्हते. मी हत्ती अशा घरात ठेवला की तुमच्या घोड्याने एकाच वेळी त्याला आणि राजाला गाठले. तुमचे प्यादे शेवटून दुसऱ्या ओळीत येऊन उभे होते, वजीर व्हायला एकच घर बाकी. मी डाव सोडला.

तुम्ही माझा हात दोन्ही हातांत धरलात. "बाई, आज खरा डाव झाला. आज तुमी काय बी सोडलं नाय. पयल्यांदा!"

नियमाप्रमाणे दोघांच्या नोंदपत्रिकांवर दोघांच्या सह्या व्हायच्या असतात. तुम्ही निकालाच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत १-०, म्हणजे पांढरा जिंकला, असे लिहिलेत आणि कागद माझ्याकडे सरकवलात. तेव्हाही सांगता आले असते. मी सही केली. तीस वर्षे मी वाचकांच्या कार्डांवर सह्या केल्या, दादा. इतकी स्वच्छ सही एकदाही केली नव्हती.

किशनभाई आले, कपाळाला हात लावून म्हणाले, "क्या मॅडम! थोडा जोर लगाती तो कप मेरा था! साईं, सब मिले हुए हैं." आणि तुम्हाला मिठी मारून त्यांनीच सर्वांना पेढे वाटले.

मग तुम्ही कप घेऊन खाली हळदीत शिरलात. मी तुमची पिशवी धरून दाराशी उभी होते. अंगाला हळद लागलेल्या तरुण मुलांनी तुम्हाला मध्ये घेतले, आणि तुम्ही तो कप डोक्यावर धरून नाचलात. "बाई, या ना!" तुम्ही ओरडत होता. मी मान हलवली. त्या क्षणी मी तुमच्यावर उपकार केले आहेत असे मला वाटले, आणि बरे वाटले. हे लिहायला सर्वांत जड जाते आहे. मला बरे वाटले होते.

ते टिकले नाही. तुमच्या मुलाने, प्रशांतने, तुमची नोंदपत्रिका लॅमिनेट करून कपाशेजारी, टीव्हीच्या कपाटावर लावली. जो येईल त्याला तुम्ही ती दाखवत होता. मंडळात कुणी नवीन आले की पट मांडून तोच डाव. "हितं बाईनं चूक केली. पण चूक कशामुळं? बांधामुळं." मी शेजारी बसून मान डोलवत होते. दर वेळी कुठल्या चालीला फ्लॅग पडला हे मला ठाऊक होते, आणि दर वेळी ती चाल आली की मी चहा घ्यायला उठत होते.

मी ते दयेने केले नाही, एवढे तुम्हाला कळावे अशी माझी फार इच्छा होती. दया करण्याइतकी मी मोठी नाही. मला फक्त आवाज फुटला नाही. पण तुमच्या बाजूने पाहिले तर दोन्हींत काय फरक? तुम्ही ज्याला भीक म्हणत होता, ती मी तुम्हाला दिली. आणि तुम्ही ती कमाई समजून डोक्यावर घेतलीत.

या उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा सांगायचे ठरवून मी हेंद्रेपाड्याला आले. वाक्य कागदावर लिहून पर्समध्ये ठेवले होते, म्हणजे ऐन वेळी अडखळायला नको. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता. प्रशांतची बायको चहा ठेवून गेली. पट मांडीवरच्या पाटावर होता आणि त्यावर अर्थात तोच डाव, बत्तिसाव्या चालीपाशी.

"बाई," तुम्ही म्हणालात, "एक इचारू? खरं बोलायचं."

"विचारा."

"हितं माझा टाइम किती उरलेला? मना तबकडी दिसतच नव्हती हो. काटा कुठं, लाल कुठं, काय बी नाय. अंदाजानं मारलं. तुमच्या उजव्या हाताला व्हतं, तुमी बघितलं असंल."

म्हणजे तुम्हाला शंका होती. इतके महिने होती. तुम्ही मला दार उघडून दिले होते. मला फक्त आत यायचे होते.

मी म्हणाले, "होती की. दोन-तीन मिनिटे होती."

तुम्ही चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिलात. मग पटावरचा घोडा उचलून त्याच घरात परत ठेवलात. "मग झालं," तुम्ही म्हणालात. "मी पोराला तेच बोललो. टायमात जिंकला तुझा बाप." आणि थोड्या वेळाने, "चहा घ्या. थंड व्हतो."

मी चहा घेतला. कागद पर्समध्येच राहिला. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

ती नजर मी रोज आठवून पाहते. तुम्हाला कळले होते का? कळूनही मला जाऊ दिलेत का? तसे असेल तर त्या दिवशी 'असू द्या' तुम्ही म्हणालात, मी नव्हे, आणि तेही माझ्यासाठी. का तुमचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तुम्ही ते खरे मानलेत? यांतले कुठले मला कमी दुखेल, हेही मला ठरवता येत नाही. तुमच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे हात लावला की खेळावे लागते. मी हात लावला होता, दादा. खेळले नाही.

तुमच्यामुळे मला चार वर्षे मिळाली, हे लिहायचे राहू नये. निवृत्तीनंतर माझा दिवस सकाळी दहाला संपत होता. तुम्ही मला भांडायला शिकवलेत, निदान पटावर. तुम्ही मला कधी 'मॅडम' म्हटले नाहीत, कधी सांभाळून घेतले नाहीत, माझ्या वाईट चालीला वाईटच म्हटलेत. कुणी माझ्याशी इतके बरोबरीने वागले नव्हते. आणि त्याची परतफेड मी अशी केली.

गेल्या रविवारी प्रशांत आणि किशनभाई घरी आले होते. मंडळ तुमच्या नावाने स्पर्धा भरवणार आहे, आणि तिच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तो डाव छापायचा आहे. टिपा मी लिहाव्यात असे दोघांनी ठरवले होते.

"तुम्हीच समोर होतात ना, मॅडम," प्रशांत म्हणाला. "वर पप्पांचा फोटो, मध्ये डाव, आणि खाली एक-शून्य, मोठं, बोल्डमध्ये."

किशनभाई तुमच्या फोटोकडे बघत होते. "अर्ध्या पॉइंटने मारलं मला," ते म्हणाले. "कभी नहीं छोड़ा साले ने. आता कुणाशी भांडू?" त्यांनी रुमाल काढला. मी पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

टिपा लिहून झाल्या आहेत. एकेचाळीस चाली, प्रत्येकीखाली दोन-तीन ओळी. तुमच्या बांधाचेही वर्णन आहे, तुमच्याच शब्दांत. पुस्तिका छापायला जायची आहे आणि प्रशांतचे रोज फोन येतात. निकालाची जागा तेवढी मी मोकळी ठेवली आहे. खरे लिहिले, तर ज्या मुलाचा बाप जाऊन अठरा दिवस झालेत, त्याच्या कपाटावरून मी तो कप उतरवते, आणि तुम्हाला काही विचारायची सोय उरलेली नसताना उतरवते. खोटे लिहिले, तर कप किशनभाईंचा होता हे त्यांना कधी कळणार नाही. ते कदाचित म्हणतील, जाऊ दे मॅडम, राहू दे त्याच्याकडे. पण ते सोडायचे तर त्यांनी सोडायचे. ते मी परस्पर सोडून देऊ शकत नाही. आणि तुम्ही? तुम्ही असता तर लॅमिनेशन फाडून तो कागद स्वतःच्या हाताने खोडला असता, आणि मग माझ्यासमोर पुन्हा कधी बसला नसता. यातले पहिले मला नक्की माहीत आहे. दुसऱ्याच्या भीतीनेच मी गप्प राहिले.

या मासिकात लिहिताना मी तुमचे, प्रशांतचे, किशनभाईंचे नाव बदलले आहे. तेवढ्यापुरतीच माझी हिंमत पोचते, दादा. तुमच्याकडून उत्तर येणार नाही, म्हणून ज्यांना मी ओळखत नाही आणि जे मला ओळखत नाहीत, त्यांच्याकडे वळते.

वाचकहो, तुम्हाला बुद्धिबळ येत नसले तरी चालेल. त्या डावाखाली मी निकाल काय लिहू?